व्यापारी जागा घेण्यापूर्वी : इमारतीच्या तांत्रिक पाहणीचे महत्त्व

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. व्यापारी मात्र सहसा बांधत नाही. तो बांधलेली जागा विकत घेतो किंवा भाडेपट्ट्याने घेतो. बांधणाऱ्याला निदान पायात काय घातले आहे हे ठाऊक असते. घेणाऱ्याला दिसतो तो रंग, फरशी, शटर आणि समोरचा रस्ता. दुकान, कार्यालय, गोदाम किंवा कारखान्याची शेड यांत आयुष्याची पुंजी गुंतवताना मूळ दस्तऐवज वकिलाकडून तपासून घेण्याची शिस्त आता बहुतेक ग्राहकांच्या अंगवळणी पडली आहे. इमारत तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची शिस्त मात्र अजून रुजायची आहे. प्रस्तुत लेखात रायपूर शहराचे उदाहरण समोर ठेवून या विषयाचा विचार करावयाचा आहे. तत्त्वे सर्वत्र सारखीच असली, तरी जमीन, पाऊस, बांधकामाची रीत आणि कायदे गावागावाप्रमाणे बदलतात. म्हणून एका गावाचे उदाहरण घेणे सोयीचे.

तीन अहवाल, तीन उद्देश

व्यापारी जागेसाठी कर्जाचा अर्ज आल्यावर बँक सामान्यतः दोन अहवाल मागविते. पहिला वकिलाचा शोध अहवाल. जागेची मालकी निर्वेध आहे काय, तिच्यावर पूर्वीचा बोजा आहे काय, हे तो सांगतो. दुसरा मूल्यांकन अहवाल. जागा आज बाजारात काय किमतीला विकली जाईल, याचा अंदाज तो देतो. हे दोन्ही अहवाल हाती आले, की ‘बँकेने सर्व तपासले आहे’ असा समज ग्राहकाचा होतो. हा समज दूर करणे हेच या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे.

मूल्यांकनकार क्षेत्रफळ मोजतो, इमारतीचे वय नोंदवितो, आसपासचे दर पाहतो आणि डोळ्यांना दिसणारी स्थिती लिहितो. तो गिलावा फोडत नाही, स्लॅबमधील सळई तपासत नाही, गच्चीवरील पाण्याची वाट शोधत नाही. ते त्याचे कामही नव्हे. त्याचा अहवाल कर्जाच्या तारणासाठी असतो. समजा, एक कोटी रुपयांच्या जागेसाठी बँकेने ७० लाख दिले आणि ग्राहकाने ३० लाख घातले. पुढे दुरुस्तीसाठी १५ लाख लागले, तर जागेची किंमत तेवढी घसरूनही बँकेचे तारण शाबूत राहते. परंतु ग्राहकाच्या स्वतःच्या पैशांपैकी निम्मे गेलेले असतात. शिवाय दुरुस्तीच्या काळात दुकान बंद, हप्ता मात्र चालू. खेळत्या भांडवलातून दुरुस्ती करणारा व्यापारी हळूहळू उधारीवर माल घेऊ लागतो. असे उद्योग व्यापार वाईट असल्याने बुडत नाहीत, जागेने बुडतात.

म्हणून तिसरा अहवाल आवश्यक ठरतो, तो म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियरने केलेल्या तांत्रिक पाहणीचा. इमारत आज कोणत्या स्थितीत आहे, आपण तिच्यात जे करणार आहोत ते पेलण्यास ती समर्थ आहे काय, आणि पुढील पाच-दहा वर्षांत तिच्यावर किती खर्च येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात.

रायपूरच्या इमारती : चार प्रकार

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. कार्यालये, बँका, रुग्णालये, वसतिगृहे, शोरूम यांची जागेची मागणी एकाएकी वाढली. त्यामुळे आज या शहरात वेगवेगळ्या काळांतील आणि वेगवेगळ्या रीतींची बांधकामे शेजारीशेजारी उभी आहेत. पाहणीच्या दृष्टीने त्यांचे चार प्रकार पाडता येतील.

पहिला प्रकार जुन्या पेठांचा. सदर बाजार, गोल बाजार, मालवीय रोड, तसेच मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेला तात्यापारा या भागांत विटांच्या जाड भिंतींवर उभी असलेली घरे आजही दिसतात. यात कॉलम नसतात. भिंत हाच आधार असतो. राहत्या घराच्या दर्शनी भिंतीला मोठे शटर बसवून दुकान करताना नेमका हाच आधार कापला जातो. वरून गर्डर टाकला असला तरी तो दोन्ही टोकांना किती टेकला आहे, त्याच्या खालच्या विटा चिरडल्या आहेत काय, हे पाहावे लागते. दोन घरांमधील भिंत सामाईक असल्यास शेजाऱ्याने त्याच्या बाजूने काय केले आहे, याचीही चौकशी हवी. लाकडी तुळया असतील तर त्यांची भिंतीत गेलेली टोके वाळवीने पोखरलेली असू शकतात. बाहेरून तुळई धडधाकट दिसते.

दुसरा प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांतील आर.सी.सी. संकुलांचा. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आर.सी.सी. बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ हे २००० साली सुधारले गेले आणि त्यात आर.सी.सी. कामासाठी किमान एम-२० प्रतीचे काँक्रीट बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या १९७८ च्या मानकात एम-१५ चालत असे. म्हणजे राजधानी होण्यापूर्वीची इमारत तिच्या काळाच्या नियमाप्रमाणे बांधलेली असली, तरीही ती आजच्या मानकापेक्षा कमी ताकदीच्या काँक्रीटची असण्याचा संभव आहे. ती निरुपयोगी ठरत नाही. परंतु तिच्यावर आणखी एक मजला किंवा जड यंत्रे चढविण्यापूर्वी गणित मांडलेच पाहिजे.

तिसरा प्रकार २००० नंतरच्या व्यापारी संकुलांचा आणि मॉलचा. जी.ई. रोड, देवेंद्र नगर, तेलीबांधा, पंडरी या बाजूंना अशी बांधकामे बरीच झाली. यांतील दोष ताकदीपेक्षा मंजुरीत आणि निगराणीत अधिक आढळतात. नकाशात वाहनतळ असलेले तळघर प्रत्यक्षात दुकानांना दिलेले, सोडावयाची मोकळी जागा बंदिस्त केलेली, आपत्कालीन जिन्यात सामान रचलेले, गच्चीवर पत्र्याचे उपाहारगृह उभारलेले, दर्शनी काचेमागे धुराला वाट नसलेली, अशा गोष्टी पाहणीत नोंदवाव्या लागतात.

चौथा प्रकार उरला, सिलतरा, भनपुरी या औद्योगिक पट्ट्यांतील लोखंडी शेडचा. येथे स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने आहेत. धूळ आणि धूर यांमुळे पत्रा व सांगाडा लवकर गंजतो. पाहणी वरून नव्हे, तळापासून सुरू करावी. जेथे खांबाची पट्टी पायाच्या बोल्टांना मिळते, तेथेच पाणी आणि धूळ साचून गंज सर्वाधिक खातो. पूर्वीच्या मालकाने बसविलेली क्रेन किती टनांची होती आणि तिचा गर्डर मूळ आराखड्यात होता काय, हे विचारावे. वाऱ्याचा भार काढण्यासाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये रायपूरसाठी सेकंदाला ३९ मीटर इतका मूळ वेग धरला आहे; पत्र्याचे हुक आणि आडवे बंध त्या वेगाला टिकतील काय, हे इंजिनियर तपासतो. जमीन राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतरास महामंडळाची संमती लागते, हे वकिलाकडून वेगळे पाहून घ्यावे.

माती आणि पाणी

छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा ही मुरमाड, लालसर आणि निचऱ्याची. कन्हार ही काळी, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. मटासी व डोरसा या दोहोंच्या मधल्या. धानाच्या शेतीसाठी केलेली ही वर्गवारी इमारत घेणाऱ्यालाही मोलाची आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्याखालच्या टणक थरापर्यंत नेलेला नसेल, तर इमारत दरवर्षी किंचित वर-खाली होते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. शहराखाली पुष्कळ ठिकाणी चुनखडकाचा थर आहे. त्यात क्वचित पोकळ्याही असतात. म्हणून जड बांधकामासाठी शेजारच्या प्लॉटवर खडक लागला एवढ्या माहितीवर विसंबू नये.

रायपूर हे तलावांचे शहर आहे. बुढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही पाण्याची ठिकाणे आजही आहेत. परंतु काही तलाव काळाच्या ओघात बुजले आणि त्यांची केवळ नावे वस्तीला उरली. पत्त्यात ‘तालाब’, ‘बांधा’ किंवा ‘बंध’ असा शब्द आला, तर मूळ जमीन भरावाची आहे काय, असा प्रश्न विचारण्यास ते पुरेसे कारण आहे. भरावाची जमीन वर्षानुवर्षे दबत राहते, आणि एक कोपरा दुसऱ्यापेक्षा अधिक दबला की भेग पडते. जुने नजूल नकाशे आणि परिसरातील ज्येष्ठ रहिवासी या दोन्हींकडून याची माहिती मिळू शकते.

वर्षाच्या पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जागेचे व्यवहार मात्र बहुधा त्याआधी, कोरड्या दिवसांत ठरतात; तेव्हा प्रत्येक भिंत कोरडीच दिसते. अशा वेळी ताज्या रंगाचा एकच पट्टा, जोत्यापासून हात-दीड हात उंचीवर फुगलेला गिलावा, पांढरे क्षार, बदललेल्या फरश्या या खुणा वाचाव्या लागतात. शेजारच्या दुकानदाराला ‘गेल्या जोराच्या पावसात पाणी कोठवर आले होते?’ एवढे विचारले तरी अर्धी पाहणी होते.

पाहणी कशी केली जाते

पाहणीचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा कागदांचा. मंजूर नकाशा, बांधकामाची परवानगी, पूर्णत्वाचा दाखला, स्ट्रक्चरल आराखडा, अग्निशमन विभागाची ना-हरकत, विजेचा मंजूर भार आणि पूर्वीच्या दुरुस्त्यांची बिले हे सर्व मालकाकडे मागावे. जमिनीचे ब-१ व पी-२ आणि व्यापारी वापरासाठी झालेले डायव्हर्शन वकील पाहतो; नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील फरक इंजिनियर पाहतो. छत्तीसगढात अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणासाठी २००२ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ‘नियमित करून घेऊ’ हे विक्रेत्याचे आश्वासन आणि हातात असलेला नियमितीकरणाचा आदेश यांत मोठे अंतर आहे, आणि नियमितीकरणाने मंजुरीचा दोष जातो. काँक्रीटचा दोष जात नाही. रस्त्याच्या रुंदीकरणाची प्रस्तावित रेषाही पाहावी. तात्यापारा ते शारदा चौक या पट्ट्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. अशा रस्त्यावरील दुकानाचा दर्शनी भाग किती काळ आपला आहे, हा हिशेब किमतीत धरावा लागतो.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष निरीक्षणाचा. अनुभवी इंजिनियर गच्चीपासून तळापर्यंत उतरत येतो, कारण पाणीही तसेच उतरते. भेगांची भाषा त्याला ठाऊक असते. गिलाव्यावरील जाळीसारख्या बारीक भेगा बहुधा वरवरच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग पाया दबल्याचे सुचविते. कॉलमच्या कडेने सरळ उभी जाणारी भेग आतील सळई गंजल्याचे लक्षण असते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. भेग वाढते आहे की थांबली आहे, हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून काही आठवडे थांबतात. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

तिसरा टप्पा चाचण्यांचा. प्रत्येक इमारतीत सर्व चाचण्या लागत नाहीत. निरीक्षणात शंका आली तेथेच त्या करावयाच्या. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा कळतो. ध्वनितरंगांच्या चाचणीत तरंगाचा काँक्रीटमधून जाण्याचा वेग मोजतात. तो सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर आत पोकळ्या असल्याची शंका घ्यावी. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळेच सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइडने हा गुण हळूहळू नष्ट होतो. ताज्या तोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले असता निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि बाधित भाग रंगहीन राहतो. ही साधी, स्वस्त चाचणी ग्राहकाने स्वतः उभे राहून पाहावी. शेवटी, आवश्यक वाटल्यास काँक्रीटचा गोल नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. आयएस ४५६ प्रमाणे नमुन्यांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के असावी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांच्या खाली नसावा.

भाराचे गणित

व्यापारी जागेच्या पाहणीत सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा प्रश्न हा, की जागा कशासाठी बांधली होती आणि आपण तिचा कशासाठी वापर करणार आहोत. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, किरकोळ दुकानाच्या मजल्यावर सुमारे ४०० किलो, तर गोदामाच्या मजल्यावर किमान सुमारे ७५० किलो भार धरून आराखडा करतात. माल जितका उंच रचावयाचा तितका हा आकडा वाढतो.

आता ‘धान का कटोरा’ म्हटल्या जाणाऱ्या या प्रदेशातील एक साधे उदाहरण घेऊ. समजा, तांदळाच्या एका व्यापाऱ्याने दुकानासाठी बांधलेला पहिल्या मजल्याचा हॉल गोदाम म्हणून घेतला. पोती दोन मीटर उंच रचली आणि एका घनमीटरात ढोबळमानाने ७०० किलो तांदूळ धरला, तर दर चौरस मीटरवर १,४०० किलो भार येतो. मजला बांधला होता ४०० किलोंसाठी. स्लॅब त्याच दिवशी कोसळेल असे नाही. आराखड्यात सुरक्षिततेची काही राखीव ताकद असते. परंतु ती राखीव ताकद व्यापाऱ्याने नकळत खर्च केलेली असते, आणि इमारत त्याची सूचना प्रत्येक वेळी देतेच असे नाही. छापखाना, औषधांचे घाऊक दुकान, व्यायामशाळा, कागदपत्रांचे भांडार, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या आणि जनित्र यांनाही हेच गणित लागू आहे.

इतरांच्या अनुभवातून

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या न्यायाने तीन घटनांचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोड येथील महानगरपालिकेची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर भाड्याने दिलेल्या गोदामात केलेल्या फेरफारांचा मुद्दा तपासात पुढे आला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील सिद्धिसाई इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तेथेही तळमजल्यावरील व्यापारी जागेत नूतनीकरण चालू असताना आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. दोन्ही ठिकाणी वरच्या मजल्यावरील माणसांचे प्राण तळमजल्यावरील फेरफारांवर अवलंबून होते.

तिसरी घटना बांगलादेशातील. ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीत खाली दुकाने आणि एका बँकेची शाखा होती, वर कपडे शिवण्याचे कारखाने होते. वरच्या मजल्यांवर यंत्रे आणि जनित्रे चढविलेली होती. २३ एप्रिल २०१३ रोजी मोठ्या भेगा दिसल्या. बँकेने आपली शाखा रिकामी केली. कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविण्यात आले आणि २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. भेग दोघांनीही पाहिली होती. एकाने तिचा अर्थ घेतला, दुसऱ्याने घेतला नाही.

अशा अनुभवांमुळे महाराष्ट्रात महानगरपालिकांच्या कायद्यांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल तपासणीची तरतूद आहे. ग्राहकाने मात्र कायद्याच्या सक्तीची वाट पाहू नये.

आगीचा विचारही पाहणीत यावयास हवा. १७ एप्रिल २०२१ रोजी रायपूरमध्येच एका खाजगी रुग्णालयाला लागलेल्या आगीत कोविडच्या रुग्णांना प्राण गमवावे लागले. ५ एप्रिल २०२४ रोजी गुढियारी भागातील वीज वितरण कंपनीच्या गोदामात ट्रान्सफॉर्मरच्या साठ्याने पेट घेतला. जागा घेताना बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग, धुराला वाट, विजेच्या तारांचे वय आणि शेजारच्या जागेत काय साठविले आहे, या चार गोष्टी अवश्य पाहाव्यात.

कायदा काय म्हणतो

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने त्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगितला पाहिजे. मात्र हे बंधन खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही जो दोष सापडला नसता, त्यापुरतेच आहे. म्हणजे डोळ्यांसमोरची भेग आपण पाहिली नाही, ही तक्रार टिकणे कठीण. विक्रेत्यालाच ठाऊक नसलेल्या दोषासाठी तर त्याला जबाबदार धरता येत नाही. पाहणी करणे ही काळजी घेतल्याचा पुरावाही ठरते.

नव्या प्रकल्पातील दुकान किंवा कार्यालय असेल, तर रेरा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ चा आधार मिळतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. म्हणून नव्या इमारतीचीही एक पाहणी ताबा घेताना आणि दुसरी पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी करून घेणे शहाणपणाचे.

भाडेकरूने अधिक सावध असावयास हवे, कारण ‘जागा आपली नाही, मग पाहणी कशाला’ हा विचार त्याला महागात पडतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, भाडेकरूने जागा ताबा घेतेवेळी होती त्याच स्थितीत परत करावयाची असते. नेहमीच्या वापराने होणारी झीज तेवढी वगळली जाते. ताबा घेतेवेळी स्थिती काय होती, हे नऊ वर्षांनी कोण सांगणार? इंग्लंडमध्ये यासाठी भाडेकराराला छायाचित्रांसह स्थितीदर्शक यादी जोडण्याची पद्धत आहे. आपणही ती स्वीकारावी : प्रत्येक भिंत, छत, फरशी आणि प्रत्येक जुनी भेग यांची छायाचित्रे तारखेसह, उभयतांच्या सहीने कराराला जोडावीत. मालकाने करावयाची दुरुस्ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करण्याचा अधिकारही याच कलमात आहे. पण कोणती दुरुस्ती मालकाची आणि कोणती भाडेकरूची, हे करारात स्पष्ट असेल तरच तो उपयोगी पडतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदणीकृतच असावा लागतो, याचाही विसर पडू नये.

बँकांनाही हा नियम सुटलेला नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी किंवा इमारत कोसळणे यांमुळे लॉकरमधील वस्तूंची हानी झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. शाखेसाठी इमारत घेताना बँकेने तिच्या मजबुतीची खात्री का करावयाची, याचे उत्तर यात आहे. जी काळजी बँकेने स्वतःसाठी घ्यावयाची, तीच ग्राहकानेही घ्यावी.

अहवालाचा उपयोग

पाहणी व्यवहार मोडण्यासाठीच असते, असा विक्रेत्यांचा आणि दलालांचा ग्रह असतो. तो खरा नाही. अहवाल हाती आला की ग्राहकापुढे चार मार्ग खुले होतात : किंमत कमी करून घेणे, रजिस्ट्रीपूर्वी विक्रेत्याकडून दुरुस्ती करून घेणे, दुरुस्तीचा खर्च मूळ प्रकल्प खर्चात धरून त्याप्रमाणे कर्जाचा प्रस्ताव मांडणे, आणि दोष मूळचाच असेल तर मागे फिरणे. तिसरा मार्ग विशेष महत्त्वाचा. दुरुस्तीचा खर्च आधी कळला तर शाखा व्यवस्थापकाशी त्याविषयी बोलता येते; तो नंतर कळला तर रोकड-पतमर्यादेवर ताण येतो.

इंजिनियर निवडताना तो महानगरपालिकेकडे नोंदलेला आहे काय, आणि तो विक्रेत्याचा किंवा दलालाचा माणूस तर नाही ना, हे पाहावे. शुल्क आपण द्यावे, म्हणजे अहवालही आपल्याशीच प्रामाणिक राहतो. ‘इमारत सुस्थितीत आहे’ अशा एका ओळीच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. दोष, त्याचे कारण, उपाय, अंदाजे खर्च आणि निकड असे पाच स्तंभ अहवालात असावेत. बयाणा देण्यापूर्वी पाहणी होणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर ‘तांत्रिक पाहणी समाधानकारक ठरल्यास’ ही अट बयाणापत्रात अवश्य लिहून घ्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवावे असे

१. शोध अहवाल आणि मूल्यांकन अहवाल म्हणजे इमारतीची पाहणी नव्हे.
२. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहावे.
३. मूळ जमीन, भराव आणि पावसाळ्यातील पाण्याची पातळी यांची चौकशी करावी.
४. आपल्या वापराचा भार इंजिनियरला आकड्यांत सांगावा.
५. भिंत, बीम किंवा कॉलम यांना लेखी सल्ल्याविना हात लावू नये. वरचा किंवा खालचा भोगवटादार तसे करीत असल्यास त्वरित महानगरपालिकेस कळवावे.
६. भाडेकराराला स्थितीदर्शक यादी व छायाचित्रे जोडावीत.
७. ताबा घेतल्यानंतरही दर काही वर्षांनी पाहणी करावी आणि अहवाल जपून ठेवावा. जागा विकताना तोच आपला उत्तम साक्षीदार ठरतो.

पाहणीचे शुल्क जागेच्या किमतीच्या मानाने अल्प असते, आणि अहवाल चांगला आला तर ते वाया गेले असे काहींना वाटते. वस्तुतः त्या पैशांनी आपण एक खात्री विकत घेतलेली असते. दुकानात येणारे ग्राहक, काउंटरवर उभे असणारे नोकर आणि वरच्या मजल्यावर राहणारी कुटुंबे यांच्या माथ्यावरचे छप्पर भक्कम आहे, ही ती खात्री. पुढील व्यवहाराचा बयाणा देण्यापूर्वी आपल्या शाखेत येऊन या विषयावर अवश्य चर्चा करावी.